सोनोग्राफी ‘नॉर्मल’, तरी पोटातली कळ का थांबत नाही?

पोटात अचानक कळ उठते. बेंबीच्या वर सुरू होऊन ती सरळ पाठीत घुसते. उलट्या थांबत नाहीत. आडवे पडले की दुखणे वाढते आणि पुढे वाकून बसले की जरा बरे वाटते. घरच्यांना वाटते, पित्त खवळले असेल. मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी येते, मग गावातल्या डॉक्टरांचे इंजेक्शन होते. सकाळपर्यंत उतार पडला नाही की रुग्णाला तालुक्याला नेऊन सोनोग्राफी केली जाते. अहवालात एक ओळ असते : आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही, बाकी पोट नॉर्मल. ‘नॉर्मल’ हा शब्द ऐकून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि रुग्णाला घरी आणतात.

घात होतो तो इथेच. स्वादुपिंडाचा तीव्र दाह, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस, हा पोटाच्या तातडीच्या आजारांपैकी एक मोठा आजार आहे. त्यात पहिली सोनोग्राफी ‘नॉर्मल’ येणे मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून ही तपासणी निरुपयोगी ठरत नाही. उलट, असा दाह झालेल्या प्रत्येक रुग्णाची सोनोग्राफी व्हायलाच हवी, असे जगभरातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र ती कशासाठी करायची आणि तिच्याकडून कशाची अपेक्षा ठेवायची नाही, हे समजून घ्यावे लागते.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव २९ ऑगस्ट २०२३ रोजी तिथे सुरू झालेल्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे राज्यभर माहीत झाले. पोटदुखीच्या रुग्णासाठी मात्र ते मराठवाड्यातल्या इतर शेकडो गावांसारखेच आहे. धुळे-सोलापूर महामार्ग जवळून जातो, पण मोठ्या तपासण्यांसाठी आधी अंबड, मग जालना आणि आजार गंभीर झाला तर छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’, अशी वाट धरावी लागते. या वाटेवर कोणती तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे घरच्यांना माहीत असेल तर वेळ आणि पैसा वाचतो, आणि कधी कधी जीवही.

जठरामागे दडलेला अवयव

स्वादुपिंड साधारण १५ सेंटिमीटर लांबीचे असते. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला चिकटून ते आडवे पसरलेले असते. पोट दुखते आणि कळ पाठीत जाते, त्याचे कारण ही जागा. स्वादुपिंड दोन कामे करते. रक्तातली साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन तयार करते आणि अन्न पचवणारा पाचकरस रोज लिटर-दीड लिटर आतड्यात सोडते. या रसातली प्रथिने पचवणारी द्रव्ये एरवी निष्क्रिय असतात. आतड्यात पोहोचल्यावरच ती जागी होतात. काही कारणाने ती स्वादुपिंडातच जागी झाली, तर ती त्या अवयवालाच पचवू लागतात. हाच दाह.

या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ मध्ये केले. त्यानंतर १२ वर्षांनी, १९०१ मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात यूजीन ओपी यांनी अशा आजाराने दगावलेल्या रुग्णाच्या शवविच्छेदनात एक छोटासा खडा पाहिला. यकृतातून आणि पित्ताशयातून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका बहुतेकांमध्ये आतड्यात उघडण्याच्या तोंडाशी एकत्र येतात. पित्ताशयातून घसरलेला खडा नेमका त्या सामाईक तोंडाशी अडकला होता. खडा शेजाऱ्याचा, पण आग लागली ती स्वादुपिंडाला.

सव्वाशे वर्षांनंतरही पित्ताचे खडे आणि दारू हीच या आजाराची दोन सर्वांत मोठी कारणे आहेत. सोनोग्राफीचे महत्त्व ओपी यांच्या त्या खड्यातच आहे.

निदानाचे तीन पाय

स्वादुपिंडाच्या दाहाचे निदान कसे करायचे, याचे नियम अमेरिकेतल्या अटलांटा शहरात १९९२ मध्ये ठरले आणि २०१२ मध्ये सुधारले गेले. तीनपैकी कोणत्याही दोन गोष्टी जुळल्या की निदान पक्के. पहिली गोष्ट, वर वर्णन केलेली विशिष्ट पोटदुखी. दुसरी, रक्तातले लायपेज किंवा अमायलेज हे पाचकद्रव्य कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट वाढलेले असणे. तिसरी, सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये दाहाच्या खुणा दिसणे.

बहुतेक रुग्णांचे निदान पहिल्या दोन गोष्टींवरच होते, म्हणजे दुखण्याची नीट चौकशी आणि रक्ताची एक तपासणी. पोटदुखी अशा प्रकारची असेल आणि लायपेज तिपटीच्या वर असेल, तर सोनोग्राफीत स्वादुपिंड दिसले नाही म्हणून आजार नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. दोन पायांवर निदान उभे राहिलेले असते.

गावाकडच्या रुग्णांसाठी या दोन रक्ततपासण्यांतला फरकही महत्त्वाचा आहे. अमायलेज लवकर वाढते आणि तीन ते पाच दिवसांत पुन्हा खाली येते. लायपेज आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त काळ वाढलेले राहते. दोन-तीन दिवस घरगुती उपाय करून चौथ्या दिवशी पोहोचलेल्या रुग्णात अमायलेज नॉर्मल येऊन दिशाभूल होऊ शकते. अशा वेळी लायपेज जास्त भरवशाचे.

मग सोनोग्राफी कशासाठी?

निदान रक्तावर होत असेल तर सोनोग्राफीचे काम काय? तिचे मुख्य काम आहे कारण शोधणे. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांची नजर अशा रुग्णात स्वादुपिंडाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, त्याच्या शेजारी असलेल्या पित्ताशयावर असते.

सोनोग्राफीचे यंत्र कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून चित्र तयार करते. ग्लासगोचे इयान डोनाल्ड यांनी या पद्धतीने पोटातल्या गाठी पाहिल्याचा शोधनिबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे तंत्र पोटाच्या तपासणीत रुळत गेले. पित्ताशय हे पित्ताने भरलेले फुग्यासारखे पिशवीवजा इंद्रिय. द्रवातून ध्वनी सहज जातो, त्यामुळे ते पडद्यावर काळे दिसते. त्यात खडा असेल तर तो पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. रुग्णाने कूस बदलली की खडा घरंगळतो. हे चित्र इतके स्पष्ट असते, की एरवी पित्ताशयातले खडे सोनोग्राफीत ९५ टक्क्यांहून अधिक वेळा सापडतात. महागड्या सीटी स्कॅनलाही हे जमत नाही, कारण कोलेस्टेरॉलचे बरेच खडे सीटीत पित्तासारखेच दिसतात आणि निसटतात.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पित्तनलिका. तिची रुंदी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते. ती फुगलेली दिसली तर खाली कुठेतरी खडा अडकला असावा, अशी शंका येते. नलिकेचे खालचे टोक आतड्याच्या आड जात असल्याने तिथला खडा प्रत्यक्ष दिसेलच असे नाही. निम्म्याच्या आसपास रुग्णांत तो सोनोग्राफीला चुकवतो. इथे रक्ततपासणी मदतीला येते. दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत यकृताची एएलटी ही चाचणी १५० च्या वर गेली असेल, तर दाहाचे कारण खडाच असण्याची शक्यता फार मोठी असते.

खडा सापडला तर उपचाराची दिशा बदलते. खडा अडकून पित्तनलिकेत पू होत असेल, थंडी वाजून ताप येत असेल, कावीळ दिसत असेल, तर तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेचे तोंड मोकळे करावे लागते. ईआरसीपी नावाची ही प्रक्रिया अशा रुग्णात २४ तासांच्या आत व्हावी लागते. म्हणून पहिल्याच दिवशीच्या सोनोग्राफीला इतके महत्त्व.

वायूचा पडदा

स्वादुपिंड स्वतः मात्र सोनोग्राफीला सहज सापडत नाही. ध्वनिलहरी हवेच्या थरावर आदळल्या की जवळपास सगळ्या परत फिरतात. स्वादुपिंडाच्या पुढे जठर आणि मोठे आतडे असते. दाह झाला की आतड्यांची हालचाल मंदावते, त्यांत वायू साठतो आणि पोट फुगते. म्हणजे स्वादुपिंड पाहण्याची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच त्याच्यासमोर पडदा पडतो. त्यामुळे असा दाह झालेल्या प्रत्येक तीन-चार रुग्णांमागे एकाचे स्वादुपिंड नीट दिसतच नाही. पित्ताशयातले खडे शोधण्याची ताकदही या वायूमुळे ९५ टक्क्यांवरून साधारण ७० टक्क्यांपर्यंत घसरते.

अनुभवी डॉक्टर काही युक्त्या करतात. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून किंवा उठवून बसवून पाहतात, प्रोब हळूहळू दाबून वायू बाजूला सारतात. तरीही मर्यादा राहतेच. स्वादुपिंड दिसले तर ते सुजलेले आणि नेहमीपेक्षा काळसर दिसते, कारण सुजेमुळे त्यात पाणी भरलेले असते. भोवती द्रव साठलेला दिसतो. कधी डाव्या फुप्फुसाभोवतीही पाणी आढळते. पण सौम्य दाहात यातले काहीच दिसत नाही आणि स्वादुपिंड अगदी निरोगी वाटू शकते.

म्हणूनच ‘स्वादुपिंड दिसले नाही’ आणि ‘स्वादुपिंड नॉर्मल आहे’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले वाक्य यंत्राची मर्यादा सांगते. दुसरे वाक्यही आजार नसल्याची खात्री देत नाही. अहवाल हातात पडल्यावर दोन्हींपैकी कोणते वाक्य लिहिले आहे, हे डॉक्टरांकडून समजून घ्यायला हवे.

उपाशीपोटाचाही प्रश्न येतो. पित्ताशय भरलेले दिसावे म्हणून एरवी सोनोग्राफीच्या आधी सहा ते आठ तास काही न खाण्यास सांगितले जाते. पण असह्य कळ आणि उलट्या असलेला रुग्ण बहुधा उपाशीच असतो. ‘सकाळी उपाशीपोटी या’ म्हणून तातडीची तपासणी पुढे ढकलण्याचे कारण नाही.

सीटी स्कॅनची घाई नको

सोनोग्राफीत काही दिसले नाही की अनेक नातेवाईक आग्रह धरतात : मग आजच सीटी स्कॅन करा. निदान रक्तावर पक्के झाले असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर पहिल्या दिवशीच्या सीटीने फारसे काही पदरात पडत नाही. स्वादुपिंडाचा काही भाग मृत झाला आहे का, हे सीटीत स्पष्ट व्हायला साधारण तीन ते चार दिवस लागतात. त्याआधीचा सीटी आजाराची तीव्रता कमी दाखवू शकतो. शिवाय शरीरातले पाणी कमी झालेले असताना दिलेले औषधी द्रव्य मूत्रपिंडांवर ताण आणू शकते. निदानाबद्दल शंका असेल, आतडे फुटल्याचा किंवा रक्तपुरवठा बंद पडल्याचा संशय असेल, किंवा रुग्णाची प्रकृती ढासळत असेल, तर मात्र लवकर सीटी करावाच लागतो. तो निर्णय डॉक्टरांचा.

पहिल्या दिवशी तपासण्यांइतकेच महत्त्वाचे असते ते सलाईन आणि वेदनाशमन. इथेही मते बदलली आहेत. पूर्वी भरपूर आणि वेगाने सलाईन देण्यावर भर होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत असे आढळले, की जास्त सलाईन दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे २० टक्के रुग्णांच्या शरीरात पाणी प्रमाणाबाहेर साठले. बेताने दिलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होते. ‘आणखी दोन बाटल्या लावा’ असा आग्रह धरण्याआधी नातेवाइकांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

उपोषण, वजन आणि पित्तातला गाळ

अंतरवाली सराटीचे नाव उपोषणाशी जोडले गेले आहे, आणि दीर्घ उपासाचा पित्ताशयाशी थेट संबंध आहे. आपण जेवतो, त्यातला स्निग्ध भाग आतड्यात पोहोचतो, तेव्हा एक संप्रेरक स्रवते आणि पित्ताशय आकुंचन पावून पित्त बाहेर ढकलते. पोटात अन्नच गेले नाही तर हा पंप थांबतो. पित्त साचून घट्ट होते आणि तळाशी गाळ बसतो. सोनोग्राफीत हा गाळ करड्या थरासारखा दिसतो. खड्यासारखी सावली पाडत नाही, पण रुग्ण वळला की संथपणे सरकतो.

तोंडाने काहीच न घेता केवळ शिरेतून पोषण मिळणाऱ्या रुग्णांचा एक फ्रेंच अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवड्यांनंतर सर्वच रुग्णांच्या पित्ताशयात गाळ दिसला. जेवण सुरू केल्यावर तो निघूनही गेला. बहुतेकांत गाळ असाच आपोआप जातो. काहींत मात्र त्याचे बारीक खडे होतात आणि हे बारीक खडेच नलिकेत शिरून दाह घडवायला पुरेसे असतात. एकादशी किंवा सोमवारच्या एका दिवसाच्या उपासाने असे होत नाही. अनेक दिवसांचे उपोषण, महिना-दोन महिन्यांत झपाट्याने घटवलेले वजन, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि गरोदरपण हे जोखमीचे काळ आहेत. अशा काळात किंवा त्यानंतर पोटात वर वर्णन केलेली कळ आली, तर तिला अशक्तपणा किंवा ॲसिडिटी समजून सोडू नये. अहवालात ‘स्लज’ असा शब्द दिसला तर त्याचा अर्थ हाच गाळ, आणि दाहाच्या रुग्णात तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

जे सोनोग्राफीत दिसत नाही

काही कारणे कोणत्याही पडद्यावर दिसत नाहीत. दारू हे त्यांतले सर्वांत मोठे. रुग्ण नातेवाइकांसमोर खरे सांगत नाही, म्हणून डॉक्टरांनी एकांतात विचारलेले प्रश्न महत्त्वाचे. पण दारू पिणाऱ्यालाही खडे असू शकतात. ‘पितो, म्हणून झाले’ असे गृहीत धरून त्याची सोनोग्राफी टाळणे चुकीचे आहे.

रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी १००० च्या वर गेली तरी दाह होतो. नियंत्रणाबाहेरच्या मधुमेहात हे आढळते. रक्तातले कॅल्शियम वाढणे, काही औषधे आणि पोटाला लागलेला जोराचा मार हीही कारणे आहेत. दुचाकीच्या हँडलचा किंवा बैलाच्या शिंगाचा मार त्यात मोडतो. शेतीच्या भागात आणखी एक कारण लक्षात ठेवावे लागते. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांची विषबाधा स्वादुपिंडाला अतिरिक्त उत्तेजित करून दाह घडवू शकते. फवारणी करताना किंवा अन्य प्रकारे औषध शरीरात गेले असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगायला हवे.

यंत्र गावात का येत नाही?

हातात मावणारी सोनोग्राफी यंत्रे आता बाजारात आहेत. मग आरोग्य केंद्रातले डॉक्टर ते खिशात घालून अंतरवालीसारख्या गावात का येत नाहीत? त्याचे उत्तर कायद्यात आहे आणि त्या कायद्यामागे महाराष्ट्राचाच कटू अनुभव आहे. सोनोग्राफीचा वापर मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्यासाठी होऊ लागला. त्याविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. तो कायदा १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही २०११ च्या जनगणनेत गोदावरीपलीकडच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. यंत्रांवर कडक नियंत्रण येणे अपरिहार्य होते.

आज प्रत्येक यंत्राची नोंदणी जागेसह होते. छोटे यंत्रही नोंदणीकृत जागेबाहेर नेता येत नाही. अपवाद आहे तो नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकाचा. त्यामुळे पोटदुखीच्या रुग्णालाच यंत्रापर्यंत जावे लागते. गरोदर स्त्रीला असा दाह झाला, तर कायद्याने ठरवलेला अर्ज भरून तिची सोनोग्राफी करता येते. गरोदरपणात या आजाराचे प्रमुख कारण पित्ताचे खडेच असतात आणि सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो. म्हणून तिच्यासाठी हीच पहिली तपासणी. कायद्याच्या भीतीने ती नाकारली जाऊ नये.

प्रवास करावाच लागणार असेल तर क्रम लक्षात ठेवावा. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. सोनोग्राफीची वाट न पाहता जवळच्या सरकारी रुग्णालयात सलाईन, वेदनाशामक आणि रक्ततपासणी सुरू होऊ शकते. श्वास लागणे, लघवी कमी होणे, रक्तदाब घसरणे, भान हरपणे ही अवयव निकामी होऊ लागल्याची चिन्हे आहेत. ती दिसली तर अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालयच गाठावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जालन्याचा समावेश आहे. ते जसजसे पूर्ण क्षमतेने चालू लागेल, तसतशी संभाजीनगरची फेरी काही रुग्णांना टाळता येईल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी करावी.

दुसरी सोनोग्राफी : सर्वांत जास्त टाळली जाणारी

सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये हा दाह सौम्य असतो आणि आठवडाभरात उतरतो. दुखणे थांबते, जेवण सुरू होते, सुट्टी मिळते. इथे दुसरी चूक होते. पहिल्या सोनोग्राफीत वायूमुळे खडे दिसले नसतील आणि दारू किंवा दुसरे कोणतेही कारण सापडले नसेल, तर बरे झाल्यावर सोनोग्राफी पुन्हा करणे आवश्यक असते. आता आतड्यातला वायू गेलेला असतो, पोट मऊ असते आणि आधी लपलेले खडे स्पष्ट दिसू शकतात. त्यातही काही सापडले नाही आणि शंका कायम असेल, तर मोठ्या शहरांत एंडोस्कोपिक सोनोग्राफी करता येते. त्यात सोनोग्राफीचा प्रोब दुर्बिणीच्या टोकावर बसवून जठरात नेतात. वायूचा पडदा मागे पडतो आणि दोन-तीन मिलिमीटरचे खडेही दिसतात. एमआरसीपी ही नलिकांची एमआरआय तपासणी हा दुसरा पर्याय.

खडे सापडले तर पित्ताशय काढावे लागते. ‘दुखणे तर थांबले, आता कापूस वेचणी झाल्यावर बघू’, हे उत्तर शस्त्रक्रियेच्या ओपीडीत नेहमी ऐकू येते. त्याची किंमत नेदरलँड्समधल्या एका चाचणीने मोजली. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सौम्य दाहाचे २६६ रुग्ण होते. त्याच मुक्कामात पित्ताशय काढलेल्यांपैकी ५ टक्के रुग्णांना खड्यांमुळे पुन्हा दाखल व्हावे लागले किंवा जीव गमवावा लागला. महिनाभराने शस्त्रक्रिया ठरवलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. म्हणजे सौम्य दाहात घरी जाण्याआधीच शस्त्रक्रिया होणे सर्वांत चांगले. तीव्र दाहात मात्र पोटातली सूज आणि द्रव ओसरेपर्यंत काही आठवडे थांबावे लागते.

तीव्र दाहाच्या रुग्णांना सोनोग्राफीची सोबत दीर्घकाळ लागते. स्वादुपिंडाभोवती साठलेला द्रव चार आठवड्यांनंतर भिंत धरून गाठीसारखा होऊ शकतो. तो वाढतो आहे की जिरतो आहे, हे किरणोत्सर्गाशिवाय आणि कमी खर्चात पुन्हा पुन्हा पाहता येते ते सोनोग्राफीनेच. गाठीत नुसते पाणी आहे की मृत पेशींचा घट्ट गाळही आहे, हे ती अनेकदा सीटीपेक्षा चांगले दाखवते. डॉप्लर तंत्राने शेजारच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली आहे का, हे कळते. जंतुसंसर्ग झालेला द्रव नळी घालून काढायचा असेल, तर सुईला वाटही सोनोग्राफी दाखवते.

अहवाल हातात आल्यावर विचारण्याचे प्रश्न

– स्वादुपिंड दिसले आणि ठीक आहे, की दिसलेच नाही?

– पित्ताशय पूर्ण दिसले का? खडे किंवा गाळ आहे का?

– पित्तनलिका फुगली आहे का?

– लायपेज आणि यकृताच्या चाचण्या केल्या का? त्यांचे आकडे काय?

– कारण सापडले नसेल तर सोनोग्राफी पुन्हा कधी करायची?

– खडे असतील तर शस्त्रक्रिया याच मुक्कामात होईल का? नसेल तर तारीख कोणती?

यातला पाचवा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. पहिल्या सोनोग्राफीत न सापडलेला खडा दुखणे थांबल्यावर नाहीसा होत नाही. तो पित्ताशयातच राहतो आणि त्याच्यामुळे येणारा पुढचा झटका पहिल्यासारखा सौम्य असेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. सुट्टीच्या कागदावर पुढच्या सोनोग्राफीची तारीख लिहून घेणे आणि त्या दिवशी खरोखर जाणे, एवढे रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात नक्की आहे.